चुना लावणारे पुष्कळ, चुना विरवणारे थोडे : जुन्या नाशकातल्या वाडा-दुरुस्ती सेवेचं परीक्षण

गावठाणात वाडा दुरुस्तीला काढला की गवंड्याचा पहिला प्रश्न ठरलेला : ‘सिमेंटची किती पोती सांगू?’ ‘एकही नको’ असं सांगून काम घेणारी चुनाकामाची पथकं आता नाशकात मिळतात. चुन्याची जाण असलेला एक मिस्त्री, दोन-तीन गवंडी, एक पाथरवट आणि गरजेप्रमाणे सुतार, एवढं हे पथक. कामात भिंतींची पाहणी, जुना सिमेंट गिलावा उतरवणं, दर्जा भरणं म्हणजे दगड-विटांचे सांधे भरणं, दोन हातांचा म्हणजे दोन थरांचा चुन्याचा गिलावा, सफेदी, भिंतीत उगवलेली झाडं काढणं आणि पावसाळ्यानंतरची एक फेरी एवढं येतं. तिवंधा, तांबट आळी, सराफ बाजार, दहीपूल आणि पलीकडे पंचवटी या पट्ट्यात मिळणाऱ्या या सेवेचं हे परीक्षण आहे. नाव कुणाचंच दिलेलं नाही, कारण पद्धत सगळ्यांची जवळपास एकच आहे आणि चुकाही त्याच आहेत.

निवाडा आधीच देऊन टाकतो. भिंतीचं काम उत्तम, लाकडाचं बरं, पाण्याचं कच्चं. नाशकातला वाडा पडतो तो मात्र बहुतेक वेळा पाण्यानेच.

आधी सिमेंट काढायचं कशासाठी, ते पाहू. इथल्या वाड्याचं जोतं काळ्या दगडाचं, सांगाडा सागवानी, आणि मधली भिंत चपट्या पेशवाई विटांची किंवा पांढऱ्या मातीची. काळा पाषाण पाणी फारसं पीत नाही, वीट आणि माती मात्र भरपूर पितात. जमिनीतली ओल दगडांच्या सांध्यांतून विटेत चढते. बाहेरचा थर चुन्याचा असेल तर ती तिथूनच उडून जाते. वर सिमेंट असेल तर तिला वाट मिळत नाही. मग ती आणखी वर चढते, तुळईच्या भिंतीत रुतलेल्या टोकाशी थांबते आणि सागवानसुद्धा आतून भुसभुशीत करून टाकते. खार सिमेंटच्या मागे साठतो आणि एक दिवस गिलाव्याची अख्खी ढलपी विटेचा चेहरा सोबत घेऊन खाली येते. मालक म्हणतो, ‘वीटच जुनी झाली.’ वीट दोनशे वर्षं धड होती, वीस वर्षांत तिची माती केली ती वरच्या थराने.

सिमेंट उतरवण्याचं काम ही पथकं नीट करतात. ब्रेकर लावत नाहीत, छिन्नी भिंतीला समांतर धरून कडेकडेने सोलतात. जिथे सिमेंट विटेला घट्ट बसलंय तिथे ते तसंच सोडून देतात, हेही शहाणपणाचं. पाहणीच्या दिवशी मिस्त्री भिंतीवर बोटाने टकटक करत फिरला आणि पोकळ आवाजाच्या जागी खडूने गोल काढत गेला, तर माणूस कामाचा आहे असं समजावं. खडू न काढता थेट चौरस फुटाचा दर सांगितला, तर दुसरा बघावा.

आता चुना. सेवेची खरी परीक्षा इथे होते, आणि पुष्कळ जण इथेच नापास होतात.

बाजारात तीन प्रकारचा माल मिळतो. पहिला कळीचा चुना, म्हणजे भट्टीतून निघालेले ढेकूळ. दुसरा पोत्यातली हायड्रेटेड लाइमची पूड. तिसरा नॅचरल हायड्रॉलिक लाइम, जो महाग असतो आणि सतत ओल्या राहणाऱ्या जागी उपयोगी पडतो. त्याच्या पोत्यावरचा ३.५ हा आकडा त्याची ताकद सांगतो. वाड्याच्या भिंतींना तो लागत नाही, कुणी तो सगळीकडे सुचवत असेल तर नको म्हणावं. पुडीचं पोतं घेतलंच तर त्यावरची तारीख बघावी. फाटक्या पोत्यातली पूड हवा खाऊन पुन्हा चुनखडी होऊन बसलेली असते, मग तिला धरण उरत नाही. चांगली पूडही निदान चोवीस तास पाण्यात भिजू द्यावी लागते.

उत्तम तो कळीचा चुनाच. ढेकूळ पाण्यात टाकलं की पाच-दहा मिनिटांत फसफसून फुटलं पाहिजे. तासाभरानेही गोटा तसाच राहिला तर तो अर्धा कच्चा भाजलेला आहे. विरवण्यासाठी एक किलो कळीला अडीच ते तीन लिटर पाणी धरावं. टाकीत पाणी आधी घ्यायचं आणि चुना त्यात थोडा थोडा सोडायचा. कळीच्या ढिगावर वरून पाणी ओतलं तर उकळतं मिश्रण उसळून अंगावर येतं. डोळ्यांना चष्मा हवाच. प्लास्टिकचं पिंप नको, त्या उष्णतेने ते वाकतं, लोखंडी पिंप किंवा विटांचा हौद करावा. विरलेला चुना दोन-तीन मिलिमीटरच्या जाळीतून गाळून वर दोन इंच पाणी राहील असा मुरत ठेवायचा. निदान तीन आठवडे, जमलं तर दोन-तीन महिने. मुरल्यावर तो थापीवरून लोण्यासारखा घसरतो.

पथकं इथे घाई करतात. चार दिवस मुरवलेला चुना भिंतीवर चढतो, आणि न विरलेला कण गिलाव्याच्या पोटात राहून तीन-चार महिन्यांनी हवेतल्या ओलीने फुगतो. भिंतीवर नाण्याएवढे खड्डे पडतात आणि प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी पांढरा ठिपका असतो. हा ठिपका दिसला की दोष वाळूचा नाही, घाईचा. यावर सोपा इलाज आहे. चुना कामाच्या आधी दोन महिने तुमच्याच वाड्यात विरवून घ्या आणि हौदावर तारीख लिहून ठेवा. जागा नसेल तर आळीतल्या दोन-तीन वाड्यांनी मिळून एक हौद करावा. मुरलेला चुना पाण्याखाली वर्षानुवर्षं टिकतो, उलट सुधारतो. आयएस ७१२ या मानकात गिलाव्यासाठीचा हा पांढरा ‘फॅट’ चुना वर्ग सी मध्ये येतो. माल देणाऱ्याला वर्ग विचारायला हरकत नाही. उत्तर आलं नाही तरी प्रश्नामुळे माल बदललेला दिसेल.

वाळूचं दुखणं वेगळंच. नदीची वाळू आता सहजासहजी मिळत नाही, क्रशरची मिळते. ती काळ्या दगडाची असल्याने गिलावा किंचित करडा येतो, तो रंगाचा दोष नाही. खरा त्रास तिच्यातल्या भुकटीचा. काचेच्या बरणीत वाळू आणि पाणी हलवून ठेवा. वर बोटभर गाळ बसला तर ती वाळू धुतल्याशिवाय वापरू देऊ नका, नाहीतर गिलाव्याला कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा येतात. सुरखी मात्र बाहेरून आणू नये. वाड्याच्याच फुटक्या जुन्या विटा कुटून चाळल्या की पुरे. त्या कमी आचेवर भाजलेल्या असल्याने चुन्याशी चांगल्या बांधल्या जातात. आजची कडक भाजलेली वीट कुटली तर मिळते ती नुसती लाल वाळू. सिमेंट चिकटलेले तुकडे आधी वेगळे काढायचे, ही बाब बिगारी हमखास विसरतो.

प्रमाण एक भाग मुरलेला चुना, दोन भाग वाळू, एक भाग सुरखी. १०० चौरस फूट भिंतीला २० मिलिमीटर गिलावा धरला तर खाचाखोचांसह साधारण ८ घनफूट माल जातो. त्याला पावणेतीन घनफूट मुरलेला चुना लागतो, म्हणजे कळीचा चुना ४५ किलोच्या आसपास. दरपत्रकात याच्या निम्माच चुना दिसला तर उरलेली जागा कशाने भरणार, हे विचारावं. बहुतेकदा पांढऱ्या सिमेंटने. ते ओळखायला प्रयोगशाळा नको. तिसऱ्या-चौथ्या दिवशी गिलाव्यावर नखाने ओढा. चुना असेल तर ओरखडा उठतो. दगडासारखा टणक लागला तर चुना भिंतीला नाही, तुम्हाला लावलाय.

गूळ, हिरड्याचं पाणी, बेलाचा गर यांच्याबद्दल या पथकांकडे फार रसाळ माहिती ऐकायला मिळते. त्यात तथ्य आहे, पण थोडं. गुळाने माल लोळतो चांगला आणि हळू सुकतो. मात्र चुन्याच्या वजनाच्या एक-दीड टक्क्यावर गूळ गेला की मुंग्या आणि बुरशी दोन्ही येतात. कच्चा चुना गुळाने पिकत नाही.

गिलाव्याची मांडणी नीट असते. भिंत आदल्या संध्याकाळी भिजवतात आणि सकाळी पुन्हा शिंपडतात. पहिला हात १० ते १२ मिलिमीटर. एका हातात २० चढवू देऊ नये, वरचं सुकतं, आतलं ओलं राहतं आणि थर आपल्याच वजनाने उतरतो. दुसऱ्या दिवशी बारीक भेगा दिसतील, घाबरायचं कारण नाही. लाकडी रंध्याने दाबून त्या मिटवतात, मग खरवडतात आणि दहा-बारा दिवस थांबून वरचा हात ८ मिलिमीटरचा देतात. चुना वाळून घट्ट होत नाही, तो हवेतला कर्बवायू घेऊन घट्ट होतो, आणि त्याला त्यासाठी ओल लागते. म्हणून निदान सात दिवस ओलं गोणपाट लावून ठेवायचं. पश्चिमेच्या भिंतीला दुपारी पडदाही हवा. चुना आतपर्यंत पिकला का, हे फिनॉफ्थॅलिनच्या थेंबाने कळतं. तुटक्या कडेवर थेंब टाकला की पिकलेला भाग पांढराच राहतो आणि कच्चा गुलाबी होतो. महिन्याला जेमतेम एक मिलिमीटर असा त्याचा वेग असतो, त्यामुळे हस्तांतराच्या दिवशी आत गुलाबी दिसणारच. मिस्त्रीशी भांडू नका.

कामाचे दिवस दसरा ते महाशिवरात्र. एप्रिल-मेमध्ये कुणी सवलतीचा दर देत असेल तर त्या सवलतीची किंमत भिंत भरते.

लाकूडकामावर फार लिहिण्यासारखं नाही. खांबाचं कुजलेलं बूड कापून तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या दगडावर, जुन्या सागाचा सांधा देतात, तो चांगला देतात. कडीपाटाच्या लाकडी छतावर मात्र सरसकट चकचकीत वार्निश मारतात, ते आग्रहाने थांबवावं. जवसाचं तेल कापडाने चोळलं की काम भागतं. वळचणीतल्या जुन्या खोबणी बुजवू नयेत, चिमणीला सव्वा इंचाचं भोक पुरतं आणि भिंतीचं त्याने काही जात नाही.

झाडांचा भाग या सेवेची सगळ्यात समंजस बाजू. पिंपळ आणि उंबर पाखरांच्या विष्ठेतून भिंतीत येतात, आणि रुजतात ते उघड्या सांध्यात किंवा सिमेंटच्या भेगेत. श्रावण-भाद्रपदात रोप पेन्सिलीपेक्षा बारीक असतं, तेव्हा ओल्या भिंतीतून ते हाताने मुळासकट निघतं. तेच रोप पुढच्या वर्षी छिन्नी मागतं आणि पाचव्या वर्षी पाथरवट. मूळ मनगटाएवढं झालं की नुसता बुंधा कापून उपयोग नाही, तो पुन्हा फुटतो. ॲसिड ओततात, ते मुळाआधी चुना खातं. मीठ घालतात, ते पुढे खार होऊन विटेतून बाहेर येतं. तणनाशक गोदेच्या काठाशी नकोच. योग्य रीत एकच. दगडांना क्रमांकाच्या चकत्या बांधायच्या, वरून एकेक थर उतरवायचा, मूळ सोडवायचं आणि तेच दगड त्याच जागी चुन्यात बसवायचे. कधी कधी मुळानेच भिंत धरून ठेवलेली असते. तिथे एका हंगामात फक्त शेंडा निम्मा करायचा, भिंतीला टेकू द्यायचा आणि बाकीचं पुढच्या वर्षी. मोठ्या झाडाला हात लावण्याआधी १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. ती काढून देण्याचं काम पथकाकडेच सोपवावं.

उंबर-पिंपळावर कुऱ्हाड चालवायला इथे गवंडीही कचरतो, आणि ते ठीकच आहे. काही पथकं निघालेली रोपं गोणीत लावून ठेवतात आणि आषाढात वाघाडी किंवा नासर्डी नदीच्या काठावर नेऊन लावतात. देवाचं झाड तोडल्याची रुखरुख राहत नाही आणि काठाला उंबर मिळतो. फक्त पहिले दोन उन्हाळे त्याला पाणी कोण घालणार, ते नाव आधी ठरवावं.

आता तक्रारीचा भाग, म्हणजे पाणी.

नाशिक शहरात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, वर इगतपुरीकडे त्याच्या चौपटीहून अधिक. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की जुन्या नाशकाला पाणी गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजायची सवय आहे. गुडघा, कंबर, छाती. २००८, २०१६ आणि २०१९ च्या पुरांनी काठची बाजारपेठ धुऊन काढली. पूर ओसरला की दुकानं दिवाळीआधी रंगवून हवी असतात आणि पथकंही काम घेतात. इथे त्यांनी ठामपणे नाही म्हणायला हवं. पुरात भिजलेली वीट ढोबळ मानाने महिन्याला एक इंच सुकते. दीड फुटी भिंत दोन्ही बाजूंनी उघडी असली तरी तिला नऊ महिने लागतात. तोवर फक्त जुना गिलावा तीन फुटांपर्यंत काढून टाकायचा, भिंत उघडी ठेवायची आणि सफेदीचा पातळ हात द्यायचा. ओल्या विटेवरचा गिलावा, मग तो कितीही शुद्ध चुन्याचा असो, पुढच्या श्रावणात पोपडे टाकतो.

दुसरी गोष्ट दिसते रोज, पण दरपत्रकात कुठेच नसते. गल्लीचा रस्ता प्रत्येक काँक्रिटीकरणात काही इंच वर येतो. पायऱ्या जमिनीत जातात, जोतं बुडतं आणि रस्त्याचं पाणी थेट विटेच्या पातळीला लागतं. दहीपूल-सराफ बाजार भागात तर गाडलेल्या सरस्वती नाल्याचं पाणी मुसळधार पावसात आपली जुनी वाट शोधतं. अशा वाड्याला नुसता गिलावा देणं म्हणजे गळक्या घागरीला कल्हई. आधी भिंतीलगत फूटभर रुंद पट्टा उखडून त्यात खडी भरावी, मोरीचा उतार तपासावा, चौकातलं पाणी पन्हळीने आडात न्यावं. आड बुजवलेला असेल तर तो उकरणं हे या सगळ्यातलं सर्वात कामाचं काम. छताचं पाणी जाळी आणि वाळूच्या खड्ड्यातून गाळून सोडलं तर आडाला पाणी येतं आणि जोत्याचं पाणी कमी होतं. मोरीचं सांडपाणी मात्र त्यात जाता कामा नये. यातलं काहीही पथकं आपणहून सुचवत नाहीत, सुचवलं तर ‘ते प्लंबरचं’ म्हणतात. आमच्या मते सेवेचे निम्मे गुण इथेच जातात.

घाटाची कामं घेणाऱ्यांसाठी हाच मुद्दा आणखी कडक. २००३ च्या सिंहस्थाच्या तयारीत रामकुंड परिसरातल्या कुंडांच्या तळाला काँक्रीट घातलं गेलं. खालून येणारे झरे त्यामुळे दबले ही तक्रार न्यायालयापर्यंत गेली आणि पुढे काही कुंडांतलं काँक्रीट काढावंही लागलं. पायऱ्यांचंही तसंच. पूर उतरतो तेव्हा काठाच्या पोटातलं पाणी बाहेर यायला बघतं. सांधे सिमेंटने लिंपलेले असले तर ते दगडच उचलतं. वरच्या पायऱ्यांना चुन्याचा दर्जा, खालच्यांना अधूनमधून कोरडे सांधे, हाच नियम. २०२७ चं सिंहस्थ स्नान डोळ्यांपुढे ठेवून ‘तीन महिन्यांत घाट चकाचक’ असा प्रस्ताव आला तर त्यात सांध्याच्या मालाचं नाव आधी वाचा.

काझी गढीच्या कडेची घरं या पथकांनी घेऊच नयेत. १९५०-५१ मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी इथे उत्खनन केलं. ती प्राचीन वस्तीच्या थरांची मातीची टेकडी आहे आणि पावसाळ्यात तिची कड ढासळते. तिथे आधी उताराचं आणि निचऱ्याचं काम हवं, चुना नंतर. सरकारवाडा आणि सुंदरनारायण ही राज्य संरक्षित स्मारकं, तिथे खाजगी पथकाने थापीही लावायची नाही. पण १७५६ चं सुंदरनारायण मंदिर काम ठरवण्याआधी जाऊन पाहावं. तिथे दगड बदलण्याचं काम कित्येक वर्षं चाललं, ते पाहिल्यावर महिन्यात वाडा नवा करून देणाऱ्याचा वेग पटत नाही.

राहता राहिली निगा. नाशकातल्या पेशवेकालीन रहाडी, म्हणजे रंग खेळायचे जमिनीतले हौद, रंगपंचमीपुरत्या उघडतात. तालमीची आणि आळीची पोरं माती-ओंडके काढून त्या साफ करतात, रंग भरतात, आणि सण झाला की पुन्हा झाकतात. जमिनीखालचं जुनं बांधकाम इतकं धड राहतं, कारण वर्षातून एकदा कुणीतरी त्यात उतरून बघतं. वाड्यांचं तसं बघणं पूर्वी दिवाळीच्या सफेदीने व्हायचं. एक भाग मुरलेला चुना, तीन-चार भाग पाणी, सावलीच्या वेळी पातळ तीन हात. ब्रश फिरवताना भेग दिसते, रोप दिसतं, ओल दिसते. प्लॅस्टिक रंग आला, सात वर्षांची हमी आली, आणि सात वर्षं भिंतीकडे बघायचं कारणच गेलं.

म्हणून करार करताना रक्कम अशी तोडावी : सत्तर टक्के काम होताना, वीस टक्के पहिल्या पावसाळ्यानंतर, दहा टक्के दुसऱ्या पावसाळ्यानंतर. दोन्ही फेऱ्यांत सांधे, पन्हळी, मोरी आणि रोपं बघायची, हे लेखी घ्यावं. शेवटच्या फेरीला आळीतली दोन तरुण पोरं सोबत द्यावीत आणि चुना विरवणं, दर्जा भरणं त्यांना हाताने करायला लावावं. या अटीला तयार होणारी पथकं कमी आहेत. जी होतात त्यांचा दर थोडा चढा असला तरी काम त्यांनाच द्यावं, आणि उरलेला मुरलेला चुना पिंपात दोन इंच पाण्याखाली वाड्यातच ठेवून घ्यावा.